परदेशवारीचा आरोग्य विमा : रक्कम मोठी, अटी बारीक

मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना भेटण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठ दांपत्याची तयारी महिनोन्महिने चाललेली असते. व्हिसाची मुलाखत, विमानाची तिकिटे, डिंकाचे लाडू, मेतकूट, सहा महिन्यांची औषधे, बॅगांचे वजन अशा अनेक गोष्टींचा त्यात काळजीपूर्वक विचार होतो. आरोग्य विमा मात्र या यादीत बहुधा शेवटच्या आठवड्यात येतो. तिकीट काढून देणारा एजंटच तोही काढून देतो. 'पन्नास हजार डॉलरचा आहे' एवढे ऐकून समाधान मानले जाते आणि पॉलिसीचा कागद पासपोर्टसोबत प्लास्टिकच्या पाकिटात जाऊन बसतो.

हा कागद पाकिटातून बाहेर काढण्याची वेळ येते, तेव्हा त्यावरील रकमेपेक्षा त्यातील अटी महत्त्वाच्या ठरतात. प्रवासाचा आरोग्य विमा हा मुळात प्रवासात अकस्मात उद्भवणाऱ्या आजारासाठी आणि अपघातासाठी असतो. जो आजार प्रवासी सोबत घेऊन निघाला आहे, त्याचा भार उचलणे हा या विम्याचा मूळ हेतू नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बहुसंख्य प्रवाशांच्या सामानात मात्र रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतातच. विमा घेणाऱ्याची खरी गरज आणि विम्याचा मूळ हेतू यांच्यातील हे अंतर समजून न घेतल्यामुळेच अनेक कुटुंबांवर परदेशात मोठ्या बिलाला तोंड देण्याची पाळी येते.

सक्ती कोठे, ऐच्छिक कोठे?

परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला आरोग्य विमा बंधनकारक आहे का, या प्रश्नाचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपातील शेंगेन गटाच्या देशांचा अल्पकालीन व्हिसा हवा असल्यास विम्याचे प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडावे लागते. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा नियमावलीनुसार हे संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे लागते. ते शेंगेन गटातील सर्व देशांत लागू असले पाहिजे आणि वास्तव्याचा संपूर्ण काळ त्यात आला पाहिजे. तातडीचे उपचार, रुग्णालयातील आकस्मिक भरती, तसेच आजारपणामुळे अथवा मृत्यूमुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च यांचा त्यात समावेश असणे आवश्यक असते.

कॅनडाने तेथील नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी डिसेंबर २०११ मध्ये 'सुपर व्हिसा' सुरू केला. त्यासाठी किमान एक वर्ष मुदतीचा आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. हा विमा पूर्वी कॅनडातील कंपनीकडूनच घ्यावा लागत असे. जानेवारी २०२५ पासून तेथील वित्तीय नियामकाची मान्यता असलेल्या परदेशी कंपनीचा विमाही चालतो.

ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसासाठी विम्याची सक्ती नाही. तेथील सरकारी आरोग्य सेवेच्या आकस्मिक विभागात प्राथमिक उपचार विनामूल्य मिळतात. परंतु इंग्लंडमध्ये रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यास परदेशी पाहुण्याकडून मूळ खर्चाच्या दीडपट आकारणी केली जाते. हे बिल थकवल्यास त्याचा परिणाम पुढील व्हिसा अर्जावर होऊ शकतो.

जेथे वैद्यकीय खर्च सर्वाधिक, त्या अमेरिकेत मात्र पर्यटक व्हिसासाठी विम्याची कोणतीही अट नाही. मुंबईच्या वकिलातीत विम्याबद्दल विचारणा होत नाही आणि विमानतळावरही तो दाखवावा लागत नाही. सक्ती नसल्यामुळे तो अनावश्यक असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात सहा-सहा महिन्यांचे वास्तव्य याच देशात अधिक घडते आणि विमा पारखून घेण्याची गरजही येथेच सर्वाधिक असते.

अमेरिकेतील बिल कसे तयार होते?

अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यानुसार तेथील जवळजवळ सर्व रुग्णालयांना आकस्मिक विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करावीच लागते आणि त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचारही द्यावे लागतात. पैसे नाहीत अथवा विमा नाही, या कारणासाठी त्याला दारातून परत पाठवता येत नाही. या तरतुदीचा अर्थ उपचार मोफत मिळतात असा अनेकांनी करून घेतलेला असतो. कायद्याने उपचारांची हमी दिली आहे, बिल माफ केलेले नाही. ते काही आठवड्यांनी घरच्या पत्त्यावर येते.

शिवाय हे बिल एकच नसते. रुग्णालयाचे बिल वेगळे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे. भूलतज्ज्ञ, क्ष-किरण तज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि रुग्णवाहिका यांचीही बिले बहुधा स्वतंत्रपणे येत राहतात. आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या 'केएफएफ' या अमेरिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये तेथील रुग्णालयांना दाखल रुग्णामागे दिवसाला सरासरी सुमारे तीन हजार डॉलर खर्च येत होता. हा रुग्णालयाचा स्वतःचा खर्च होय. रुग्णाच्या नावे निघणारा आकडा याहून बराच अधिक असू शकतो. हृदयविकार, अर्धांगवायू किंवा मांडीचे हाड मोडणे यांसारख्या प्रसंगी हिशेब काही दिवसांत हजारो डॉलरवर जातो.

मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीकडून मिळणाऱ्या विम्यात आई-वडिलांची सोय होईल, ही अपेक्षाही बहुतेक वेळा फोल ठरते. अमेरिकेतील नोकरीसोबत मिळणाऱ्या गट विम्यात सामान्यतः पती-पत्नी आणि मुले यांचाच समावेश असतो. भारतातील नेहमीची मेडिक्लेम पॉलिसीही साधारणपणे देशांतर्गत उपचारांपुरतीच मर्यादित असते. त्यामुळे प्रवासासाठी स्वतंत्र अल्पमुदतीचा विमा घेण्यावाचून पर्याय राहत नाही.

येथील पॉलिसी

सरकारी विमा कंपन्यांनी १९८० च्या दशकात 'ओव्हरसीज मेडिक्लेम' या नावाने परदेश प्रवासाचा आरोग्य विमा आणला. १९९९ च्या कायद्यानंतर विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि या विम्याचे अनेक प्रकार बाजारात आले. एका प्रवासासाठीची पॉलिसी सामान्यतः १८० दिवसांपर्यंत मिळते. व्यवसायानिमित्त वारंवार परदेशी जाणाऱ्यांसाठी वर्षभराची पॉलिसी असते. मात्र तिच्यात प्रत्येक फेरीच्या दिवसांवर मर्यादा घातलेली असते.

हप्ता ठरवताना कंपनी प्रामुख्याने चार गोष्टी पाहते. त्या म्हणजे प्रवाशाचे वय, वास्तव्याचे दिवस, विम्याची रक्कम आणि प्रवासाचा प्रदेश. अमेरिका व कॅनडा धरून जगभरासाठी लागू असलेल्या पॉलिसीचा हप्ता हे दोन देश वगळून घेतलेल्या पॉलिसीपेक्षा अधिक असतो. केवळ आशियापुरत्या अनेक पॉलिसींमधून जपान वगळलेला असतो. त्यामुळे प्रवासाच्या मार्गातील प्रत्येक देश पॉलिसीच्या प्रदेशात येतो किंवा नाही, हे तपासलेले बरे.

ही पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. परदेशी पोहोचल्यावर तिची आठवण झाली, तर बहुतेक भारतीय कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत. मुक्काम वाढल्यास मुदतवाढ मिळू शकते, परंतु ती मूळ मुदत संपण्यापूर्वी मागावी लागते. प्रकृती उत्तम असल्याचे आणि कोणताही दावा नसल्याचे लिहून द्यावे लागते. मुदतवाढ द्यायची की नाही, हे कंपनीच ठरवते. परतीची तारीख अनिश्चित असेल, तर सुरुवातीलाच काही दिवस अधिक धरून पॉलिसी घेणे श्रेयस्कर.

ज्येष्ठ नागरिकांनी आणखी एक बाब आवर्जून पाहावी. साठ वर्षांच्या पुढील प्रवाशांसाठीच्या अनेक पॉलिसींमध्ये एकूण विमा रकमेच्या आत उपमर्यादा असतात. खोलीचे भाडे दिवसाला इतके, अतिदक्षता विभागाचे इतके, शस्त्रक्रियेचे शुल्क इतके, तपासण्यांसाठी इतके, अशी वाटणी आधीच करून ठेवलेली असते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक लाख डॉलरचा आकडा असला, तरी एकेका खर्चापोटी मिळणारी रक्कम आतील तक्त्यातील मर्यादेपुरतीच असते. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन या उपमर्यादा काढून टाकतात. हप्त्यात पडणारा फरक आणि रुग्णालयाचे संभाव्य बिल यांची तुलना केल्यास हा जादा खर्च अवाजवी वाटत नाही.

आधीपासूनच्या आजाराचे काय?

या विम्यातील सर्वांत कळीचा आणि सर्वाधिक गैरसमजाचा मुद्दा म्हणजे 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज', अर्थात पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेला आजार. देशांतर्गत मेडिक्लेममध्ये ठरावीक प्रतीक्षा काळ उलटल्यानंतर अशा आजारांनाही संरक्षण मिळते. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ तीन वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. प्रवास विम्याची मुदतच मुळी काही आठवड्यांची अथवा महिन्यांची असते. त्यात प्रतीक्षा काळ पूर्ण होण्याचा प्रश्नच येत नाही. येथील मेडिक्लेम वीस वर्षे अखंड चालू ठेवली, तरी तिचा लाभ या नव्या पॉलिसीत हस्तांतरित होत नाही.

त्यामुळे बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार व त्यातून उद्भवणारी गुंतागुंत वगळलेली असते. काही पॉलिसींमध्ये याला एक अपवाद ठेवलेला असतो. जिवाला धोका निर्माण झाल्यास प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च ठरावीक मर्यादेत दिला जातो. ही मर्यादा मूळ विमा रकमेच्या तुलनेत कितीतरी लहान असू शकते. प्रकृती स्थिर झाल्यानंतरचे उपचार, पुढील तपासण्या आणि नेहमीची औषधे रुग्णाच्या खर्चाने होतात.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो? मधुमेह असलेल्या प्रवाशाचा रस्त्यात पाय घसरून हात मोडला, तर तो अपघात होय आणि त्याचा दावा मंजूर होण्यास मधुमेह आड येण्याचे कारण नाही. त्याच प्रवाशाच्या पायाची जखम चिघळली, तर कंपनी तिचा संबंध मधुमेहाशी जोडू शकते. जुना रक्तदाब असलेल्या व्यक्तीला अर्धांगवायूचा झटका आला, तर वादाला तोंड फुटण्याची शक्यता अधिक असते. कोणत्या आजाराचे मूळ कोठे आहे, हे ठरवताना कंपनी रुग्णालयाची कागदपत्रे आणि जुने वैद्यकीय अहवाल मागवते. रुग्णाने दाखल होताना तेथील डॉक्टरांना सांगितलेला पूर्वेतिहासही त्या कागदपत्रांत नोंदलेला असतो.

लपवाछपवी नको

अशा परिस्थितीत 'आजाराचा उल्लेखच केला नाही तर?' असा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. काही वेळा अर्ज भरणारा एजंटच सर्व प्रश्नांपुढे 'नाही' असे लिहून मोकळा होतो. हा मार्ग किती धोक्याचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून स्पष्ट होते.

पहिला निकाल जुलै २००९ मधील असून तो देशांतर्गत मेडिक्लेमसंबंधी होता. विमेदाराने मधुमेह व मूत्रपिंडाच्या विकाराची माहिती प्रस्ताव अर्जात दिली नव्हती. विमा द्यावा की नाही आणि कोणत्या हप्त्याने द्यावा, या निर्णयावर परिणाम करू शकणारी प्रत्येक बाब महत्त्वाची ठरते आणि ती उघड करणे विमेदाराचे कर्तव्य आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय कायम राहिला.

दुसरा निकाल थेट परदेश प्रवासाच्या विम्याविषयी आहे. २००९ मध्ये नात्यातील लग्नासाठी अमेरिकेला गेलेल्या एका प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. रुग्णालयात त्याच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. त्याने मधुमेह असल्याचे अर्जात नमूद केले होते आणि पॉलिसीपूर्वी त्याची वैद्यकीय तपासणीही झाली होती. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांची माहिती मात्र दिली नव्हती, असे कारण पुढे करून कंपनीने दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही २०१५ मध्ये त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. अखेर ६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने हा निर्णय रद्द केला. विमेदाराने उघड केलेल्या प्रकृतीची छाननी करून एकदा पॉलिसी दिल्यानंतर त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

या दोन्ही निकालांचे तात्पर्य एकच आहे. ज्याने माहिती दिली, त्याच्या बाजूने न्यायालय उभे राहिले. ज्याने ती दडवली, त्याला ते संरक्षण मिळाले नाही. अर्थात न्याय मिळण्यासाठी त्या प्रवाशाला बारा वर्षे झगडावे लागले, हेही विसरून चालणार नाही. अर्ज स्वतः वाचून भरावा, चालू असलेल्या प्रत्येक औषधाचा उल्लेख करावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. संगणकावर अर्ज भरला असल्यास त्याची छापील प्रत काढून घ्यावी.

तेथील पॉलिसी

दुसरा पर्याय म्हणजे अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिसीचा. मुलगा अथवा मुलगी तिकडून ती आई-वडिलांच्या नावे घेऊ शकते. या पॉलिसींचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम निश्चित केलेली असते. तिला 'फिक्स्ड बेनिफिट' म्हणतात. दुसऱ्या, 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' प्रकारात उपचारनिहाय मर्यादा नसतात, अथवा फारच कमी असतात. ठरावीक हिस्सा रुग्णाने दिल्यानंतर उरलेला वाजवी खर्च विमा रकमेपर्यंत कंपनी देते.

या दोहोंतील फरक एका काल्पनिक हिशेबावरून समजू शकेल. समजा, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि एकूण बिल ४०,००० डॉलर झाले. दोन्ही पॉलिसी ५०,००० डॉलरच्या आहेत. फिक्स्ड बेनिफिट पॉलिसीत खोलीसाठी दिवसाला १,५०० डॉलरप्रमाणे ६,०००, शस्त्रक्रियेसाठी ५,०००, भूलतज्ज्ञासाठी १,२५० आणि तपासण्यांसाठी ७५० डॉलर अशी मर्यादा असेल, तर कंपनीकडून मिळतील १३,००० डॉलर. उरलेले २७,००० डॉलर कुटुंबाला द्यावे लागतील. डॉलरचा भाव ९० रुपये धरल्यास ही रक्कम २४ लाख ३० हजार रुपये होते.

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत समजा २५० डॉलर 'डिडक्टिबल' आहे, म्हणजे पहिले २५० डॉलर रुग्णाने द्यायचे आहेत. त्यापुढील ५,००० डॉलरपैकी २० टक्के, म्हणजे १,००० डॉलर रुग्णाने आणि ८० टक्के कंपनीने द्यायचे आहेत. त्यानंतरचा संपूर्ण भार कंपनीचा. या हिशेबाने कुटुंबाच्या वाट्याला १,२५० डॉलर, म्हणजे सुमारे १ लाख १२ हजार रुपये येतात. विमा रक्कम दोन्हींकडे सारखीच असताना पदरचा खर्च असा वीसपटींहून अधिक बदलू शकतो. स्वस्त हप्ता पाहून पहिला प्रकार निवडणाऱ्यांना हे गणित ठाऊक असणे आवश्यक आहे.

आधीपासूनच्या आजारांबाबत या पॉलिसींमध्ये 'अॅक्यूट ऑनसेट' असा शब्दप्रयोग आढळतो. जुना आजार कोणतीही पूर्वसूचना न देता अचानक उसळला आणि रुग्णाने बहुधा चोवीस तासांच्या आत उपचार घेतले, तर त्याचा खर्च मिळतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. दोन-तीन दिवसांपासून छातीत दुखत होते आणि रुग्णाने ते अंगावर काढले, तर ही अट मोडल्याचे कंपनी म्हणू शकते. मुलांना त्रास नको म्हणून दुखणे लपवण्याची आपल्याकडील ज्येष्ठांची सवय येथे फार महागात पडते. हृदयविकाराच्या बाबतीत तर ती जिवावरही बेतू शकते. या सवलतीला बहुधा वयाची मर्यादा असते आणि ऐंशीच्या पुढे अनेक पॉलिसींची एकूण रक्कमही बरीच कमी होते.

येथून की तिथून?

कोणती पॉलिसी घ्यावी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. येथील पॉलिसीचा हप्ता रुपयांत भरता येतो आणि सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट गहाळ होणे यांसारख्या बाबीही तिच्यात अंतर्भूत असतात. वाद निर्माण झाल्यास भारतातील नियामक आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हा तिचा मोठा लाभ होय. तेथील पॉलिसीचा संबंध बहुधा अमेरिकेतील रुग्णालयांच्या एखाद्या जाळ्याशी असतो, त्यामुळे बिल परस्पर कंपनीकडे जाण्याची शक्यता वाढते. वास्तव्य लांबल्यास मुदतवाढही तुलनेने सुलभतेने होते. मात्र वाद झाल्यास तेथील कायद्यानुसार झगडावे लागते.

प्रकृती निरोगी असलेल्या, पन्नाशीच्या आतील आणि दोन-तीन आठवड्यांच्या सहलीला निघालेल्या प्रवाशाला उपमर्यादा नसलेली येथील पॉलिसी पुरेशी ठरू शकते. सत्तरीतील, औषधे चालू असलेल्या आणि सहा महिने राहणाऱ्या दांपत्याने मात्र दोन्हींकडील अटी शेजारी ठेवून वाचाव्यात. उपमर्यादा आहेत का, डिडक्टिबल किती, जुन्या आजारासाठी किती रक्कम मिळेल आणि घराजवळचे कोणते रुग्णालय जाळ्यात आहे, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज हप्ता भरू नये. क्रेडिट कार्डासोबत मिळणाऱ्या प्रवास विम्यावर विसंबतानाही तो आजारपणाचा आहे की केवळ अपघाती मृत्यूचा, हे पाहावे.

एवढी चौकशी करूनही जुन्या आजाराला पुरेसे संरक्षण मिळत नसेल, तर ते वास्तव निघण्यापूर्वीच ठाऊक असलेले चांगले. अशा वेळी डॉक्टरांकडून सर्व तपासण्या करून घेणे, रखडलेली शस्त्रक्रिया आधी उरकणे किंवा प्रवासाचा कालावधी कमी करणे, हे मार्ग उपलब्ध असतात.

आजारी पडल्यावर

पॉलिसीवर मदत केंद्राचा चोवीस तास चालू असणारा दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. तो आणि पॉलिसी क्रमांक प्रवाशाच्या तसेच मुलांच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी आणि ते शक्य नसल्यास दाखल झाल्याबरोबर या केंद्राला कळवणे बहुतेक पॉलिसींमध्ये आवश्यक असते. कळवण्यास विलंब झाल्यास कॅशलेस सुविधा नाकारली जाऊ शकते अथवा मिळणाऱ्या रकमेत कपात होऊ शकते.

साधा ताप, कान दुखणे, किरकोळ जखम यांसाठी अमेरिकेत 'अर्जंट केअर' दवाखाने असतात. तेथील शुल्क रुग्णालयाच्या आकस्मिक विभागाच्या तुलनेत बरेच कमी असते. मात्र छातीत दुखणे, श्वास लागणे, बोलण्यात अडखळणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे दिसल्यास खर्चाचा विचार न करता ९११ वर दूरध्वनी करावा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधांची व्यापारी नावे न लिहिता मूळ रासायनिक नावे लिहून घ्यावीत. तीही काही वेळा निराळी असतात. आपल्याकडील पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. प्रत्येक बिलाची तपशीलवार प्रत मागून घ्यावी. पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल आणि घरी सोडतानाचा सारांश जपून ठेवावा. पासपोर्टवरील भारतातून निघाल्याच्या शिक्क्याची प्रतही दाव्यासाठी मागितली जाऊ शकते.

दावा नाकारल्यास

भारतीय कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास अथवा मिळालेले उत्तर मान्य नसल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. लोकपालाकडे कोणतेही शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही आवश्यकता नसते. २०२३ पासून लोकपालाला ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो अमान्य असल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो.

या प्रत्येक पायरीवर प्रथम पाहिली जाते ती पॉलिसीची प्रत आणि विमेदाराने भरलेला प्रस्ताव अर्ज. परदेशी निघताना लाडूंचा डबा विसरला तरी चालेल, पण हे दोन कागद वाचून, समजून आणि सोबत घेऊनच घराबाहेर पाऊल टाकावे. निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी एका बिलात संपू नये यासाठी हप्त्याच्या रकमेइतकाच या वाचनासाठी दिलेला तासभरही मोलाचा आहे.